दुकानातले इंग्रजी, परीक्षेतले इंग्रजी : चिनी भाषकांच्या बोलण्यातील ठरीव शब्दबंधांचा इतिहास

प्रास्ताविक

कोणतीही भाषा बोलताना माणूस प्रत्येक वाक्य एकेक शब्द जोडून नव्याने रचत नाही. बोलण्याचा बराच मोठा भाग आधीच जुळवून ठेवलेल्या तुकड्यांचा असतो. मराठीत आपण ‘काय सांगू तुम्हाला’, ‘त्याचं असं आहे’, ‘बघा ना’, ‘ते जाऊ द्या’ असे म्हणतो तेव्हा त्या शब्दांचे व्याकरण मनात जुळवत बसत नाही. तुकडा अखंड उचलतो आणि बोलण्यात ठेवून देतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये स्मरणशक्तीच्या मर्यादांची चर्चा करताना एकत्र बांधलेल्या अशा घटकांसाठी ‘चंक’ हा शब्द वापरला आणि पुढे तो भाषाभ्यासातही रुळला. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी १९८३ मधील एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, स्वभाषेत अस्खलित बोलणाऱ्याचे सामर्थ्य नियमांच्या ज्ञानापेक्षा पाठ असलेल्या अशा हजारो तुकड्यांवर अधिक अवलंबून असते. ॲलिसन रे यांच्या २००२ मधील ग्रंथाने या विषयाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे रूप दिले. प्रस्तुत लेखात या तुकड्यांसाठी ‘ठरीव शब्दबंध’ अशी संज्ञा वापरली आहे. चिनी संशोधक त्यांना ‘त्सखुआय’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘शब्दांचा ठोकळा’ असा होतो, आणि तो मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा अधिक नेमका वाटतो.

चिनी विद्यार्थ्यांच्या मौखिक इंग्रजीतील शब्दबंधांवर २००० नंतर विपुल संशोधन झाले आहे. त्यातून वारंवार पुढे येणारे चित्र साधारणतः असे आहे : हे विद्यार्थी मोजकेच शब्दबंध पुन्हा पुन्हा वापरतात, ‘आय थिंक’चा अतिरेक करतात, उलट ‘यू नो’, ‘आय मीन’, ‘सॉर्ट ऑफ’ यांसारखे संभाषण सैल आणि जिवंत ठेवणारे शब्दबंध त्यांच्या बोलण्यात विरळ असतात. या निरीक्षणांबद्दल वाद नाही. मात्र त्यावरून ‘चिनी विद्यार्थी घोकंपट्टी करतो, म्हणून त्याचे इंग्रजी साचेबद्ध’ असा जो निवाडा सहज दिला जातो, तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला घाईचा वाटतो. शब्दबंध कोणी पुरवला, तो कोणाला उद्देशून बोलला गेला आणि त्याची नोंद कोणी, कोणत्या प्रसंगी केली, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. चीनमध्ये इंग्रजीचे ठरीव तुकडे बोलण्याची परंपरा अडीचशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या आरंभीचे तुकडे आजच्या विद्यार्थ्याच्या तुकड्यांहून अगदी वेगळ्या घडणीचे होते. हे अंतर कसे पडले, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

कँटनच्या वखारी

इंग्रजांची व्यापारी जहाजे कॅप्टन वेडेल यांच्या नेतृत्वाखाली प्रथम १६३७ मध्ये मकाव-कँटन परिसरात आली. त्या किनाऱ्यावर तोवर पोर्तुगीजांची मिश्र बोली प्रस्थापित झाली होती. १७५१ च्या सुमारास सिद्ध झालेल्या मकावविषयक एका चिनी ग्रंथाला पोर्तुगीज शब्दांची सुमारे चारशे नोंदींची यादी जोडलेली आढळते. उच्चार अर्थातच चिनी अक्षरांत दिलेले. इंग्रजीचे जे रूप पुढे कँटनमध्ये घडले त्याच्या तळाशी ही पोर्तुगीज भर होती. ‘समजणे’ या अर्थाचा ‘सेव्ही’, देवतेसाठी ‘जॉस’ हे शब्द त्यातूनच आले.

१७५७ मध्ये सम्राट छ्येनलुंग याने युरोपीय सागरी व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता मर्यादित केला. दोनच वर्षांनी, १७५९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा चिनी जाणणारा दुभाषा जेम्स फ्लिंट याने उत्तरेस जाऊन थेट दरबारापर्यंत तक्रारअर्ज पोहोचवला. परिणामी फ्लिंटला तीन वर्षे मकावमध्ये कैदेत राहावे लागले. त्याच्यासाठी अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाला मात्र देहदंड झाला. भाषा शिकवण्याची किंमत काय पडू शकते, हे कँटनमधील प्रत्येक साक्षर माणसाला या घटनेने समजले असणार. परकीयांना चिनी शिकवणे धोक्याचे, आणि परकीयांकडून इंग्रजी पद्धतशीर शिकण्याची सोय नाही. अशा कोंडीत शहराबाहेर नदीकाठच्या तेरा वखारींत जगातील सर्वांत मोठ्या व्यापारांपैकी एक चालला होता. चहा, रेशीम, कापूस, चांदी आणि वाढत्या प्रमाणात अफू यांचे व्यवहार ज्या बोलीत झाले, तिला पुढे ‘पिजिन’ हे नाव पडले. ‘बिझनेस’ या इंग्रजी शब्दाच्या चिनी उच्चारातून ते आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या बोलीकडे मोडके इंग्रजी म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. पण तिच्यातील प्रचलित तुकडे नीट पाहिले की वेगळीच गोष्ट लक्षात येते. ‘कॅन डू’ म्हणजे जमेल; ‘नो कॅन डू’ म्हणजे जमणार नाही. ‘लुक-सी’ म्हणजे बघून घ्या. ‘चॉप-चॉप’ म्हणजे लवकर. ‘चिन-चिन’ हा चिनी आदरार्थी ‘छिंग छिंग’वरून आलेला शब्द स्वागताला, आग्रहाला, निरोपाला आणि देवाला हात जोडायलाही चालत असे. ‘मास्की’ म्हणजे असू द्या, हरकत नाही. आपल्याकडचे ‘चालेल’ जितक्या प्रसंगी कामी येते, तितक्याच प्रसंगी ‘मास्की’ही कामी येत असे. यातील जवळजवळ प्रत्येक तुकडा समोरच्या माणसाला उद्देशून आहे. त्याला थांबवणारा, बोलावणारा, नकार देणारा, समजूत घालणारा. व्याकरण खुरटलेले असेल, पण संभाषणाचे अंग शाबूत होते.

वाक्यरचनेवर चिनी भाषेची छाप स्पष्ट दिसते. चिनीत संख्या आणि नाम यांच्यामध्ये मोजणीचा शब्द यावाच लागतो; कँटनच्या इंग्रजीत ते काम ‘पीसी’ या शब्दाने केले. ‘वन पीसी मॅन’ म्हणजे एक माणूस. आपल्या व्यापारी भाषेतील ‘नग’ हा शब्द ज्यांच्या कानावर आहे, त्यांना ही रचना फारशी परकी वाटू नये. फरक इतकाच की, आपण माणसांचे नग मोजत नाही.

या बोलीच्या घडणीत हिंदुस्थानचा, विशेषतः मुंबईचा, प्रत्यक्ष संबंध आहे आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. जमशेटजी जिजीभाई १७९९ मध्ये पहिल्यांदा चीनच्या सफरीवर गेले. १८०५ च्या सफरीत ‘ब्रन्सविक’ जहाजावर त्यांची गाठ विल्यम जार्डिनशी पडली, आणि पुढील मुंबई-कँटन व्यापाराचा, त्यात अफूही आली, मोठा भाग या दोन नावांभोवती फिरला. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांबरोबर आणि कंपनीच्या नोकरांबरोबर आपल्याकडचे शब्दही कँटनला पोहोचले. चांदीच्या नाण्यांचा कस पाहणारा तो ‘श्रॉफ’, म्हणजे आपला सराफ. लेखी निरोप तो ‘चिट’, म्हणजे चिठ्ठी. मालावरची मुद्रा, जकातीचा परवाना, इतकेच काय पण मालाची प्रतही ‘चॉप’, म्हणजे छाप. उत्तम माल तो ‘फर्स्ट चॉप’. घाई दर्शवणारा ‘चॉप-चॉप’ मात्र कँटनी शब्दावरून आला आहे. त्याचा छापेशी संबंध नाही. हाँगकाँगमध्ये वाहनतळाचे पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ ही पाटी आजही दिसते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ‘लाँग टाइम नो सी’ हा वाक्प्रयोग चिनी पिजिनमधून इंग्रजीत आला असे सर्रास सांगितले जाते, आणि चिनी ‘हाओ च्यू पू च्येन’शी तो शब्दाला शब्द जुळतोही. परंतु त्याच्या छापील नोंदींपैकी एक ठळक नोंद १९०० मधील एका अमेरिकन आठवणींच्या पुस्तकात, मूळनिवासी माणसाच्या तोंडी आहे. रचना जुळते म्हणून उगम सिद्ध होत नाही.

चिनी अक्षरांत बांधलेले इंग्रजी

पिजिनविषयीची आपली बहुतेक माहिती परकीयांनी लिहिलेली आहे. सॅम्युएल वेल्स विल्यम्स यांनी ‘चायनीज रिपॉझिटरी’ मासिकात १८३६ मध्ये कँटनच्या या बोलीवर लेख लिहिला. १८२५ मध्ये कँटनला आलेले विल्यम हंटर यांच्या आठवणी १८८२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चार्ल्स लेलँड यांनी १८७६ मध्ये लंडनमध्ये पिजिनमधील पद्ये छापली. ती वाचकाला हसवण्यासाठी होती. या सर्व नोंदींत ऐकणाऱ्याचा कान आणि लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह मिसळलेला आहे. लेलँड यांच्या पुस्तकाचा भाषिक साधन म्हणून वापर तर शक्यतो टाळलेलाच बरा.

सुदैवाने चिनी बाजूचे साधन उपलब्ध आहे. वखारींजवळच्या लहान दुकानांत स्वस्त चोपडी विकली जात. हंटर यांनी त्यांचा उल्लेख केला आहे. ‘हुंगमाओ’, म्हणजे तांबड्या केसांच्या लोकांची, बोली शिकवणाऱ्या या पुस्तिका मोजक्या पानांच्या असत. त्यांत चारशेच्या आतबाहेर नोंदी, आणि त्या बहुधा चार विभागांत मांडलेल्या : व्यापारातील आकडे, माणसे व रोजचे शब्द, प्रचलित बोलणी, खाद्यपदार्थ व किरकोळ वस्तू. रोमन अक्षर एकही नाही. चिनी शब्दाखाली त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दाचा उच्चार कँटनी वाचनाच्या चिनी अक्षरांत दिलेला. ‘वन’साठी ‘वन’सारखा उच्चार असलेले अक्षर, तर ‘थ्री’साठी ज्या दोन अक्षरांचा कँटनी उच्चार ‘देइलेइ’ होतो ती अक्षरे. त्या दोन अक्षरांचा चिनीतील खरा अर्थ ‘भूगोल’ असा आहे.

या तपशिलात गंमत आहे, परंतु त्याहून महत्त्वाची अशी एक भाषिक प्रक्रियाही आहे. रोमन लिपीत इंग्रजी शिकणाऱ्याला दोन शब्दांमधली रिकामी जागा दिसते. कोठे एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला ते कळते. चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही. त्यामुळे या पुस्तिकेतून शिकलेला तुकडा कँटनी अक्षरांची एक सलग ओळ म्हणून डोळ्यासमोर येई आणि एक सलग ध्वनी म्हणून तोंडात बसे. त्याचे अवयव सुटे करण्याचे साधनच शिकणाऱ्याजवळ नव्हते. आजचे मानसभाषाशास्त्र ज्याला अखंड साठवण म्हणते, ती इथे केवळ मनाची लकब नव्हती; पुस्तिकेच्या रचनेनेच ती लादली होती.

प्रत्येक बंदराचा उच्चार वेगळा असल्यामुळे कँटनची पुस्तिका इतरत्र निरुपयोगी ठरे. १८४२ च्या नानकिंग तहानंतर पाच बंदरे खुली झाली, शांघायचे महत्त्व वाढले आणि तेथे निंगपोच्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व निर्माण झाले. त्यांच्यापैकी फेंग त्सफू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० मध्ये निंगपो उच्चारातील इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. इंग्रज व फ्रेंच वसाहतींच्या सीमेवर यांगचिंगपांग नावाचा ओढा होता. त्याच्या काठच्या दलालांवरून शांघायच्या पिजिनला ‘यांगचिंगपांग इंग्रजी’ हे नाव मिळाले. ओढा १९१४ ते १९१६ दरम्यान बुजवला गेला, वर रस्ता झाला, पण अशुद्ध वा मिश्र भाषेला ‘यांगचिंगपांग’ म्हणणे चिनी भाषेत टिकून राहिले. ओढ्याच्या नावाचीच शिवी झाली.

वखारीतून शाळेकडे

ही शिवी कोणी घडवली, हे पाहणे उद्बोधक आहे. १८६१ च्या सुमारास सुधारणावादी विद्वान फेंग क्वेइफेन यांनी परकीय भाषांची शाळा काढण्याची सूचना केली. तिच्या समर्थनार्थ त्यांनी परवानाधारक दुभाष्यांवर, म्हणजे ‘थुंगशीं’वर, कडक टीका केली : ही माणसे हलक्या वृत्तीची, पैशाच्या मागे लागलेली, त्यांना मालाचे भाव आणि चार ओबडधोबड शब्द यापलीकडे काही येत नाही. राज्याचा कारभार अशांच्या जिभेवर कसा सोपवावा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्यामागे विद्वान वर्गाची व्यापाऱ्याविषयीची जुनी तुच्छताही होती, हे नाकारता येत नाही. १८६२ मध्ये पेकिंगला ‘तुंगवेन क्वान’ ही राजभाषाशाळा दहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. १८६३ मध्ये शांघायला तशीच दुसरी. या शाळांचे प्रयोजन करारनामे वाचणे आणि ग्रंथांचे भाषांतर करणे हे होते. इंग्रजी बोलण्याची भाषा न राहता वाचण्या-भाषांतरण्याची भाषा झाली, ती इथे.

संक्रमणकाळातील दोन माणसे या संदर्भात लक्षवेधी आहेत. तांग तिंगशू यांचे शिक्षण मॉरिसन एज्युकेशन सोसायटीच्या मिशनरी शाळेत झाले. युंग विंग, जे १८५४ मध्ये येल विद्यापीठाचे पदवीधर झाले, त्याच शाळेचे विद्यार्थी. तांग यांनी १८६२ मध्ये कँटनमध्ये ‘इंगयू ची छ्वान’ हा सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी ते जार्डिन मॅथिसन कंपनीचे मुख्य चिनी दलाल झाले. प्रमाण इंग्रजी वाक्य आणि कँटनी उच्चार एकत्र देणारा हा ग्रंथ दुकान आणि शाळा यांच्या उंबरठ्यावर उभा आहे. दुसरे यांग शून. शांघायच्या भाषाशाळेत शिकलेल्या या गृहस्थांनी १८७३ मध्ये ‘शनपाओ’ या वृत्तपत्रात पिजिनवर शंभर लघुपद्ये छापली. ‘पिजिन’ या शब्दासाठी त्यांनी ‘प्येछिन’ हा प्रतिरूप शब्द योजला. शाळेतले शुद्ध इंग्रजी शिकलेला माणूस ओढ्याकाठच्या इंग्रजीची थट्टा करतो. मात्र थट्टेसाठी का होईना, त्याला ते शंभर पद्ये पुरेल इतके येत होते.

पुढे छापील पाठ्यपुस्तके आली. शांघायच्या कमर्शियल प्रेसने (स्थापना १८९७) पहिले मोठे यश मिळवले ते १८९८ मधील ‘हुआ-यिंग छू च्ये’ या इंग्रजी प्राथमिक पुस्तकाने. इंग्रजांनी हिंदुस्थानातील शाळकरी मुलांसाठी तयार केलेले वाचन पुस्तक घेऊन श्ये हुंगलाय यांनी त्यावर चिनी टीपा दिल्या होत्या. म्हणजे आपल्या वर्गांसाठी योजलेली इंग्रजी वाक्ये चिनी मुलांनी पाठ केली. वसाहतीच्या शाळेतील आज्ञाधारक इंग्रजी एका देशातून दुसऱ्या देशात इतक्या सहजतेने गेले, याचा आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासकारांनी अधिक शोध घ्यायला हवा.

पाठांतराची परंपरा आणि ऐकणाऱ्याची अनुपस्थिती

१९०५ मध्ये शाही परीक्षापद्धती रद्द झाली. तत्पूर्वीच्या शाळेत मूल अर्थ कळण्याआधी ग्रंथ मुखोद्गत करी. ‘पेइशू’ म्हणजे गुरूकडे पाठ फिरवून पाठ म्हणणे. चार अक्षरी म्हणींचे भांडार तर चिनी गद्याचे वैभवच आहे. यावरून ‘आठपायी निबंधाची’ जुनी शिस्तच आजच्या इंग्रजी शब्दबंधांत उतरली, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. आपल्याकडेही पाढे, श्लोक आणि परवचा म्हणणाऱ्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. पाठांतराची सवय शब्दबंध कसे साठवले जातात हे सांगेल. कोणते शब्दबंध साठवले जातात ते सांगणार नाही. त्यासाठी पाठांतराचे साहित्य कोण पुरवतो, ते पाहावे लागते.

१९३३ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी टोकियोत हॅरॉल्ड पामर यांचा इंग्रजी शब्दसहचर्यांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. अनेक शब्दांचा समूह एकच घटक मानून शिकवला पाहिजे, हे त्यात पद्धतशीरपणे मांडले होते. आधुनिक शब्दबंध-संशोधनाचे हे पूर्वसूत्र पूर्व आशियातील वर्गखोल्यांच्या गरजेतून निघाले, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी शांघायमध्ये लिन यूतांग यांनी पिजिन इंग्रजीची बाजू घेणारा लेख लिहिला. १९२८ पासून चीनभर गाजलेल्या ‘खायमिंग’ इंग्रजी वाचनमालेचा कर्ता अर्ध्या विनोदाने का होईना, ओढ्याकाठच्या इंग्रजीच्या सामर्थ्याची तरफदारी करतो, ही घटना लहान नाही.

१९४९ नंतर रशियन भाषेला प्राधान्य मिळाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजी पुन्हा सावरू लागले, तोच १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. या काळातील पाठ्यपुस्तकांत ‘लाँग लिव्ह चेअरमन माओ’ हे वाक्य आरंभीच्या धड्यांत असे. ठरीव शब्दबंध म्हणून ते निर्दोष आहे. ते कोणाला उद्देशून बोलायचे, हा प्रश्न मात्र गैरलागू होता. परकीयाशी बोलणेच संशयास्पद ठरत असे, अशा देशात इंग्रजी वाक्य उच्चारले जात होते ते एकमेकांसमोर निष्ठा दाखवण्यासाठी. कँटनच्या दुकानदारापासून पडलेले अंतर येथे सर्वाधिक आहे.

१९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली आणि १९७८ नंतर दारे उघडली. अमेरिकेत १९६४ मध्ये निघालेले ‘इंग्लिश ९००’, म्हणजे नऊशे नमुनावाक्यांची मालिका, घरोघर पोहोचले. बीबीसीची ‘फॉलो मी’ मालिका १९८२ पासून चिनी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. एल. जी. अलेक्झांडर यांच्या ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’चे धडेच्या धडे मुखोद्गत करणारी पिढी तयार झाली. शहरांतील बागांत ‘इंग्लिश कॉर्नर’ भरू लागले. तेथे परकीय नसला तरी चिनी माणूस चिनी माणसाशी इंग्रजीत बोले. १९९४ पासून ली यांग यांच्या ‘क्रेझी इंग्लिश’ चळवळीत हजारो माणसे मैदानात एकत्र येऊन इंग्रजी वाक्ये मोठ्याने ओरडू लागली. लाज मोडणे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो काही अंशी साधलाही असेल. पण मैदानात सगळे ओरडत असताना ऐकणारा कोण?

शाळेत मात्र ‘हाऊ आर यू?’ या प्रश्नाला ‘फाइन, थँक यू, अँड यू?’ हे एकच उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले. त्यात शेवटी प्रतिप्रश्न आहे खरा. परंतु तोही उत्तराचाच भाग म्हणून एका श्वासात म्हटला जातो.

ध्वनिमुद्रणांची साधनचिकित्सा

आता आजच्या संशोधनाकडे वळू. चिनी विद्यार्थ्यांच्या मौखिक इंग्रजीचे दोन मोठे संग्रह २००५ मध्ये उपलब्ध झाले. एक नानकिंग विद्यापीठातील वेन छ्यूफांग आणि सहकाऱ्यांचा. दुसरा शांघायच्या यांग हुईचुंग आणि वेई नायशिंग यांचा, सुमारे सात लाख शब्दांचा. या संग्रहांमुळे अभ्यासाला भक्कम पाया मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली सवय म्हणजे साधन कोठून आले ते विचारणे. पहिल्या संग्रहातील मौखिक सामग्री इंग्रजी विषयाच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय तोंडी परीक्षेच्या ध्वनिफितींची आहे. तीत गोष्ट ऐकून पुन्हा सांगणे, दिलेल्या विषयावर बोलणे आणि जोडीने संवाद करणे असे तीन भाग होते; पहिल्या दोन भागांत समोर उत्तर देणारे कोणी नाही. दुसऱ्या संग्रहातील सामग्री १९९९ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयीन तोंडी परीक्षेतून घेतलेली आहे. तीत शिक्षक-विद्यार्थी आणि विद्यार्थी-विद्यार्थी चर्चा असते, पण ती गुणांसाठी.

परीक्षेत मत विचारले जाते, म्हणून ‘आय थिंक’ येतो. चिनी बोलण्यात ‘वो च्युए त’ (मला वाटते) पदोपदी येतो, हेही एक कारण आहेच. तथापि प्रश्नपत्रिका ज्या तुकड्याला आमंत्रण देते तो तुकडा उत्तरपत्रिकेत आढळला, तर त्याला केवळ विद्यार्थ्याचा दोष म्हणता येणार नाही. ‘ॲज वुई ऑल नो’, ‘विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ हे चिनी विद्यार्थ्यांचे लाडके शब्दबंध निबंधातून तोंडी परीक्षेत उतरले आहेत. यातील पहिला तर चिनीतील ‘चुंग सुओ चौ च’ या चार अक्षरी प्रयोगाचे सरळ रूपांतर आहे. उलट, ‘यू नो’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्या माहितीत सामील करून घेतो. आपला विद्यार्थी तोंडी परीक्षेत परीक्षकाला ‘बरं का सर’ म्हणत नाही. त्यावरून त्याच्या मराठीत ‘बरं का’ नाही, असा निष्कर्ष आपण काढणार नाही.

प्रतिपक्षाचाही विचार केला पाहिजे. लोरेटा फंग आणि रोनाल्ड कार्टर यांनी २००७ मध्ये हाँगकाँगच्या शाळकरी मुलांच्या वर्गातील गटचर्चांची तुलना ब्रिटिश संभाषणांशी केली. तेथे औपचारिक परीक्षा नव्हती, तरीही ‘यू नो’, ‘वेल’, ‘राइट’, ‘ॲक्च्युअली’ यांचे प्रमाण कमीच निघाले. ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘ओके’ मात्र भरपूर होते. तेव्हा सगळा दोष परीक्षेच्या माथी मारता येत नाही. मुलांना शाळेत जे इंग्रजी ऐकायला मिळाले त्यात हे शब्दबंध कमी होते, असेच यातून दिसते. वर्ग हाही एक प्रकारचा प्रसंगच आहे, आणि त्यातही मुलांचे बोलणे अखेरीस शिक्षकाच्या कानासाठी असते.

पाठांतराविषयीचा निवाडाही तपासून घ्यावा लागतो. तिंग यानरेन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय पातळीवरील इंग्रजी वक्तृत्व-वादविवाद स्पर्धांत यश मिळवलेल्या तीन विद्यार्थ्यांच्या मुलाखती आहेत. पाठ्यपुस्तकातील उतारे आणि चित्रपटांचे संवाद मुखोद्गत करणे हीच आपली सर्वांत फलदायी पद्धत होती, असे तिघांनीही सांगितले. आरंभी सक्ती वाटलेली घोकंपट्टी पुढे सवय झाली आणि पाठ केलेल्या ओळी बोलण्यात आपोआप येऊ लागल्या. तीन विद्यार्थ्यांवरून सार्वत्रिक नियम निघत नाही. पण तिंग यानरेन आणि छी यान यांच्या २००५ मधील अभ्यासातही शब्दबंधांचा वापर आणि मौखिक परीक्षेतील गुण यांत लक्षणीय संबंध आढळला होता. म्हणजे शब्दबंध पाठ असणे हा दोष नाही. पाठ असलेल्या तुकड्यांत श्रोत्याला धरून ठेवणारे तुकडे किती, हा खरा प्रश्न आहे. चित्रपटाचे संवाद पाठ करणाऱ्याला ते आपोआप मिळतात, निबंधाचे नमुने पाठ करणाऱ्याला मिळत नाहीत.

या दृष्टीने पाहिले तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील दलाल आणि एकविसाव्या शतकातील पदवीधर यांची तुलना उलटी होते. दलालाचे व्याकरण तुटपुंजे, पण त्याचा प्रत्येक तुकडा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून घडलेला. पदवीधराचे वाक्य शुद्ध, पण त्याचे तुकडे कागदाकडे पाहून घडलेले. दोघांनीही आपापल्या श्रोत्याला हवे तेच दिले. दलालाचा श्रोता भाव करीत होता, पदवीधराचा श्रोता गुण देत होता.

दुकानातले इंग्रजी चीनमधून नाहीसे झालेले नाही. चच्यांग प्रांतातील यीवू या शहरी लहानसहान वस्तूंची प्रचंड बाजारपेठ आहे. भारतीय, अरब, आफ्रिकी व्यापारी तेथे खरेदीला जातात. गाळ्यावरची विक्रेती गणकयंत्रावर आकडा दाखवते, गिऱ्हाईक तो खोडून दुसरा लिहितो, आणि मधल्या वेळात दोघांचेही इंग्रजी चार-सहा ठरीव तुकड्यांवर चालते. दोघांपैकी एकाचीही ती मातृभाषा नसते. त्या गाळ्यांवरचे एकही बोलणे वर उल्लेखिलेल्या दोन्ही संग्रहांत नाही.